डाव्या मागच्या चाकावरची फुली

तपासणीवाल्या मॅडमनी डाव्या मागच्या चाकावर खडूनं फुली मारली, तेव्हाच व्हॅनवाल्याच्या मनात पाल चुकचुकली.

दोष सापडला तर तो कागदावर लिहितात, एवढं त्याला ठाऊक होतं. आजवर इतक्या तपासण्या दिल्या, पण चाकावर कुणी फुली मारली नव्हती. फुली म्हणजे खूण, आणि खूण करायची ती कुणाला तरी दाखवण्यासाठीच. ती कुणासाठी, एवढंच आता शोधायचं होतं.

शाळेची मुलं नेण्या-आणण्याचा त्याचा धंदा. अशा गाड्यांना दरवर्षी तपासणी केंद्रात जाऊन त्या रस्त्यावर चालवण्यालायक आहेत असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याच्या प्रमाणपत्राची मुदत शनिवारी संपत होती. शनिवार उलटला की शाळा त्याची फेरी काढून दुसऱ्याला देणार, आणि तो दुसरा कोण असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. शाळेच्या फाटकाशी त्याच्या व्हॅनच्या मागे टोपीवाल्याची व्हॅन उभी असे. हा मनुष्य ऊन असो, सावली असो, डोक्यावरची टोपी काढत नसे. टोपीखाली केस नाहीत असं काही जण म्हणत. व्हॅनवाल्याच्या मते टोपीखाली बेत असत.

केंद्रातल्या लांबलचक शेडमध्ये जमिनीत लोखंडी रोलर बसवलेले होते. गाडीची दोन चाकं त्यांवर आणायची, रोलर चाकांना फिरवायला लागले की ब्रेक दाबायचा. समोरच्या पडद्यावर दोन काटे वर चढतात, एक डाव्या चाकाचा, एक उजव्याचा. दोघांनी जोडीनं चढायला हवं. पुढची चाकं आली तेव्हा काटे जुळ्या भावांसारखे चढले. मागची आली तेव्हा उजवा चढला आणि डाव्यानं जेमतेम मान हलवली.

मॅडमनी पुन्हा दाबायला सांगितलं. मग पुन्हा. वयानं लहान, चष्मा मोठा, आणि चेहऱ्यावर काही म्हणून उमटू देणार नाही.

“पॅडल कसं लागतं पायाला?” त्यांनी विचारलं.

“दगडासारखं,” तो अभिमानानं म्हणाला.

“हं,” मॅडम म्हणाल्या, आणि खडू काढला.

तो ‘हं’ व्हॅनवाल्याला मुळीच आवडला नाही. दगडासारखं पॅडल हा त्याचा जीव की प्राण होता. मागे एकदा पॅडल मऊ पडलं होतं, दाबलं की ओल्या उशीत पाय रुतल्यासारखं वाटायचं. तेव्हा त्याच्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, व्हॅन दिवसभर गॅरेजमध्ये ठेवून घेतली आणि संध्याकाळी चावी हातात देताना म्हटलं, बघा आता. काय बघतोय! पॅडल असं टणक झालं होतं की व्हॅनवाला पहिल्याच वळणावर खूश झाला. मेहुण्याला सगळे ‘उस्ताद’ म्हणत. त्या दिवसापासून व्हॅनवाल्यानं त्या नावाची जाहिरातच सुरू केली. फाटकाशी उभं राहून जो भेटेल त्याला तो सांगे, ब्रेक करावा तर आमच्या उस्तादनं. चार गिऱ्हाइकंही त्यानं मिळवून दिली. टोपीवालासुद्धा गुपचूप जाऊन उस्तादकडून ब्रेक करून आला, असं कानावर आलं होतं. तेव्हा त्याला गंमत वाटली होती: भांडण माझ्याशी, आणि मेहुणा मात्र माझाच हवा.

नापास होऊन तो थेट गॅरेजमध्ये गेला. उस्ताद हात पुसत बाहेर आला, आधी फुलीकडे बघितलं आणि हातातल्या फडक्यानं ती पुसून टाकली.

“कशाला पुसतोस?” व्हॅनवाल्यानं विचारलं.

“गाडी चांगली दिसत नाही, भावजी.”

मग उस्तादनं चाक खोललं, आत काहीबाही घासलं, परत बसवलं आणि ब्रेकला काही झालेलं नाही असं सांगितलं. मशीनच बिघडलं असणार किंवा माणूस. मॅडमना चहापाणी हवं असेल, असंही तो हळूच म्हणाला. त्याला हे बोलताना नजर वर करावीशी वाटली नाही. पण ते व्हॅनवाल्याला त्या वेळी दिसलं नाही, कारण तो मनातल्या मनात मॅडमचा ‘हं’ उलटसुलट करून बघत होता.

दुसऱ्यांदा तो केंद्रात गेला तेव्हा संशयाला खतपाणी मिळेल असंच सगळं घडलं. त्याच्या पुढचा एक खिळखिळा ट्रक, ज्याचं दार दोरीनं बांधलेलं होतं, ब्रेकच्या रोलरवरून रुबाबात उतरला. दाराचा दोष मॅडमनी लिहून घेतला, पण ब्रेक पास. आपली चकचकीत व्हॅन नापास आणि हे भंगार पास? तेवढ्यात त्याला पाण्याच्या नळाशी टोपी दिसली. टोपीवाला मॅडमना काहीतरी विचारत होता आणि मॅडम हातानं खुणा करून समजावत होत्या. चक्क चाकासारखा गोल काढत होत्या. व्हॅनवाल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असा उजेड पडला की माणसाला समोरचं काही दिसत नाही.

व्हॅन पुन्हा नापास झाली. या वेळी मॅडमनी फुली मारली नाही. गाडीखाली वाकून त्यांनी टॉर्च मारला आणि मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप कुणी सोडून बघितलाय का, असं विचारलं. दोष आज सापडत नसेल तर मुलं बसवू नका, असंही त्या म्हणाल्या. व्हॅनवाल्याला वाटलं, बघा, कागदानं जमेना म्हणून आता तोंडी फेरी बंद पाडायला निघाल्या.

संध्याकाळी त्यानं हे उस्तादला सांगितलं. उस्ताद मोठ्यानं हसला, जरा जास्तच मोठ्यानं. पुस्तकं वाचून परीक्षा दिलेल्या बाईला पाइप काय कळणार, म्हणाला. दुसऱ्या गावच्या केंद्रात त्याच्या ओळखीचा एक एजंट आहे, तिथे गाडी नेऊ, रोलरवर चढवायचीसुद्धा गरज नाही.

“पण ब्रेक चांगला आहे ना?” व्हॅनवाला म्हणाला.

“तुम्हीच तर म्हणता दगड आहे म्हणून.”

घरी आल्यावर हे वाक्य त्याच्या डोक्यात माशीसारखं घोंघावत राहिलं. मी म्हणतो, ते ठीक. तू काय म्हणतोस? पण त्यानं ती माशी हाकलली. उस्तादची मुलगी रोज त्याच्याच व्हॅनमध्ये, त्याच्या शेजारच्या सीटवर बसून शाळेत जात होती. संशय घ्यायलाही काही पातळी असते.

आणि मग त्याला ती युक्ती सुचली. मॅडम खोटं बोलतात हे सिद्धच करायचं. चाक जॅकवर उचलायचं, हातानं फिरवायचं, दुसऱ्या कुणी ब्रेक दाबायचा. चाक जागच्या जागी थांबतं हे मोबाइलमध्ये टिपायचं आणि व्हिडिओ मॅडमच्या वरच्या साहेबांना पाठवून द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी उरकून तो घरी आला आणि जेवण झाल्यावर बायकोला हाक मारली. ती ओले हात झटकत आली.

“मला गाडीतलं काय कळतं?”

“कळायचं काही नाही. मी म्हणेन तेव्हा मधलं पॅडल दाबायचं.”

त्यानं बाकीच्या चाकांना विटांची अडण लावली, गिअर काढला, हँडब्रेक सोडला. डावं मागचं चाक जमिनीवरून उचललं. मोबाइल एका विटेला टेकवून ठेवला आणि गळा साफ करून गाडीचा नंबर, तारीख असं सगळं कोर्टात बोलतात तसं बोलला. बायको आतून म्हणाली की लवकर करा, गॅसवर दूध आहे.

त्यानं चाक जोरात फिरवलं. ते सुर्रकन फिरू लागलं.

“दाब.”

चाक फिरत राहिलं.

“अगं, दाब ना.”

“दाबलंय.”

“मधलं दाब, मधलं.”

“मधलंच दाबलंय. दोन्ही पायांनी दाबलंय. एकदम दगड आहे हो.”

चाक फिरत होतं. निवांत, कुणाच्या बापाला न विचारता, आपल्याच तालात. शेवटी दमलं तेव्हा थांबलं. व्हॅनवाल्यानं ते पुन्हा फिरवलं, पुन्हा दाबायला सांगितलं, आणि पुन्हा ते तसंच फिरलं. मग त्यानं उजवं मागचं उचलून बघितलं. ते बायकोचा पाय पडताच गपकन थांबलं.

बायको खाली उतरली. तिनं नवऱ्याचा चेहरा बघितला आणि आत जाऊन गॅस बंद करून आली.

तो व्हॅनखाली सरपटत गेला. पाना लावून ब्रेकचा पाइप चाकापाशी सोडला, तिथे तेलाचा ओघ यायला हवा होता. थेंब आला नाही. पाइपच्या टोकाशी काहीतरी चमकत होतं. त्यानं तार घालून टोकरलं तेव्हा ते सुटून त्याच्या तळहातावर पडलं, आणि मागोमाग तेल भळाभळा वाहू लागलं. बेअरिंगमधला छर्रा होता. ज्वारीच्या दाण्याएवढा.

तो तळहात तसाच धरून बाहेर आला. आता सगळं सरळ होतं. त्या चाकाचं सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबानं ब्रेक आवळणारी नळी, गळत होतं म्हणून पॅडल मऊ पडलं होतं. सिलिंडर बदलण्याऐवजी पाइपात छर्रा बसवून चाकाची वाटच बंद केली. तेल जायचं थांबलं आणि पॅडल टणक झालं. तो इतके दिवस ज्या दगडाची आरती गात होता, तो म्हणजे बंद पडलेलं एक चाक होतं. हँडब्रेक तेलावर नाही, तारेच्या दोरीवर चालतो, म्हणून चढावर गाडी धरून राहायची आणि त्याला संशय यायचा नाही. जगातल्या प्रत्येकाचा आला होता, फक्त ब्रेकचा नाही.

“ही गोळी कुणी घातली?” बायकोनं विचारलं.

व्हॅनच्या ब्रेकला हात लावणारा माणूस एकच होता, आणि तो तिच्या पाठचा होता.

“चला,” ती म्हणाली.

दोघं पायीच गॅरेजमध्ये गेली. तिनं वाटेतच फोन करून मुलांच्या घरी कळवायला सुरुवात केली, आज व्हॅन येणार नाही, मुलं तुम्हीच घेऊन जा. पहिला फोन तिनं भावजयीला केला.

उस्ताद एका गाडीवर वाकलेला होता. व्हॅनवाल्यानं त्याच्यासमोर मूठ उघडली. उस्तादनं छर्‍याकडे बघितलं, मग बहिणीकडे, आणि स्टुलावर बसला.

“सिलिंडर मिळत नव्हतं,” तो म्हणाला. “दोन-चार दिवसांत बदलणार होतो. शपथ, ताई. पण भावजी दुसऱ्याच दिवशी आले ते पेढे वाटायच्या बेतात. सगळ्यांसमोर म्हणाले, असा ब्रेक आख्ख्या गावात नाही. मग कुठल्या तोंडानं सांगू, की ब्रेक केलेलाच नाही म्हणून?”

“तुझी पोर बसते त्यात,” बहीण म्हणाली.

“तीन चाकं लागतात, ताई.”

असं म्हणून त्यानं मान खाली घातली, कारण स्वतःच्याच कानांना ते कसं ऐकू आलं हे त्याला कळलं असावं.

व्हॅनवाल्याला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण त्याच्या मनात एक नवा संशय उभा राहिला होता, आणि हा पहिल्यांदाच योग्य दाराशी आला होता.

“आणखी कुणाच्या गाडीत घातलायस?”

“कुणाच्याच नाही.”

“टोपीवाल्याच्या?”

उस्तादनं फडकं उचलून पुसलेलेच हात पुन्हा पुसायला घेतले. बायकोनं कोपऱ्यातला जॅक उचलला, नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “याला विचारू नका. टोपीवाल्याची गाडी गाठा आणि चाकं फिरवून बघा.”

“उजवं मागचं,” उस्ताद म्हणाला.

शाळा सुटायची वेळ होऊन गेली होती. म्हणजे टोपीवाल्याची व्हॅन रस्त्यावर, आणि आत मुलं. व्हॅनवाल्यानं फोन लावला. कित्येक दिवसांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. टोपीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं की आज तुझ्या गाडीला मुलं नाहीत आणि आजच माझीही गाडी थांबवायला सांगतोस, म्हणजे मला काय दुधखुळा समजतोस का.

“माझी फेरी हवीय ना तुला?” तो म्हणाला.

“हवीय,” व्हॅनवाला म्हणाला. “तरी गाडी थांबव. काल नळाशी मॅडमना काय विचारत होतास?”

“तू दोनदा नापास झालास म्हणून विचारत होतो. माझी तपासणी पुढल्या महिन्यात आहे.”

“मग मॅडमनी हातानं गोल काढून जे सांगितलं, तेच मी सांगतोय. व्हिडिओ पाठवतो. माझ्यावर नको, चाकावर विश्वास ठेव.”

मॅडमना अडकवायला काढलेला तो व्हिडिओ त्यानं टोपीवाल्याला पाठवला आणि फोन हातात धरून उभा राहिला. तिकडे बायकोनं छर्रा रुमालात बांधला, भावाला स्टुलावरून उठवलं आणि हात धुवायला सांगितलं. केंद्र बंद व्हायच्या आत पोचायचं होतं.

“मॅडमना तुम्ही सांगणार?” उस्तादनं विचारलं.

“तू सांगणार,” बहीण म्हणाली. “आणि तुझ्या हातून गेलेली प्रत्येक गाडीही.”

फोन वाजला. टोपीवाल्याच्या आवाजामागे मुलांचा कलकलाट होता आणि इंजिनाचा आवाज नव्हता.

“रस्त्याच्या कडेला थांबलोय,” तो म्हणाला. “एवढ्या मुलांना घेऊन आता कुठे बसू, ते सांग.”