छातीचं माप

मास्तर शिंपी होते. गळ्यात टेप घालूनच सारी हयात गेली, म्हणून गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. ते पुरुषांचेच कपडे शिवायचे आणि दुकानाच्या पाटीवरही तसंच रंगवलेलं होतं: 'फक्त पुरुषांचे कपडे'. हात सफाईदार आणि जीभ हाताहून सफाईदार. सुटलेल्या पोटाभोवती टेप फिरवताना ते म्हणायचे, "साहेब, कापड तुम्हाला पुरेल, पण टेपचं काय करायचं ते सांगा." गिऱ्हाईक हसायचं आणि पुढच्या वेळी चार माणसं घेऊन यायचं.

त्यांच्या मुलाला घरात भिंगऱ्या म्हणत. लहानपणी तो एका जागी ठरायचा नाही, त्यावरून पडलेलं नाव. आता तो नववीत होता. त्याची ताई कॉलेजातून आली की दुकानात बसायची, मापं लिहून घ्यायची, काज-बटणं करायची. आई दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती.

नव्या गणवेशासाठी मास्तरांनी भिंगऱ्याला दुकानात उभं केलं, तेव्हा बाकावर विमा एजंट आणि आणखी दोघं बसले होते. भिंगऱ्या म्हणाला, "बाबा, जुन्याच मापानं शिवा ना."

"जुन्या मापाला तू मावशील का? हात वर कर."

खांदा झाला, बाही झाली. ताई लिहीत होती. "छाती," मास्तर म्हणाले आणि थांबले. टेप सपाट बसायला हवी तिथे बसेना. त्यांनी ती पुन्हा ओढून घेतली. भिंगऱ्या कळवळून मागे सरकला, तेव्हा सदऱ्याखालचे दोन उंचवटे त्यांना दिसले. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ते गप्प बसले असते. पण मुलगा घरचा, समोर हक्काचे श्रोते, आणि जिभेला सवय.

"ताई, पाटीवरचं 'फक्त' पुसून टाकावं लागतंय आता," ते म्हणाले.

विमा एजंटाला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर मात्र तो मांडीवर थाप मारून हसला. बाकीचे दोघंही हसले. भिंगऱ्याही हसला. तो हसला म्हणून मास्तरांना वाटलं, झालं, चेष्टेची चेष्टा झाली. ताईनं मान वर केली नाही.

भिंगऱ्याच्या छातीत सुट्टीपासून दुखत होतं. आधी एका बाजूला, मग दोन्हीकडे, आत सुपारीसारखं काहीतरी हाताला लागायचं. आपल्याला मोठा आजार झालाय असं त्याला सुरुवातीला वाटलं होतं आणि त्याची भीती वाटली होती. नंतर ते दिसायला लागलं तेव्हा त्याला वाटलं, आजार परवडला असता. आजाराला लोक विचारपूस तरी करतात. तरीही त्या दिवसापर्यंत त्याला एक आशा होती, की हे फक्त आपल्यालाच दिसतंय.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्यानं कमरपट्ट्याला लावतात त्या रुंद इलॅस्टिकचा तुकडा कापून घेतला. त्याला हूक लावले. शाळेत जाताना तो पट्टा बनियनच्या आत छातीभोवती आवळायचा आणि घरी आला तरी झोपेपर्यंत काढायचा नाही. पट्ट्यावर सदरा सपाट बसायचा. श्वास पुरा घेता यायचा नाही, पण तेवढं चालण्यासारखं होतं.

त्यानं पोहायला जाणं सोडलं. क्लोरीननं डोळे चुरचुरतात म्हणाला. मित्र बोलवायला आले की ताईला पुढे करायचा, "नाही म्हणून सांग." खांदे पुढे पाडून चालायला लागला. मास्तर म्हणायचे, "म्हातारा झालास का? पाठ सरळ ठेव, सदरा अंगावर नीट बसत नाही." जेवण कमी केलं, कारण वर्गातल्या कुणीतरी म्हटलं होतं की जाड्या पोरांना असं होतं. तो जाड नव्हताच. आपले कपडेही तो आपणच धुवायला लागला. आईला याचं कोण कौतुक. धुलाईघरात ती बरोबरच्या बायकांना सांगायची, "आमचा मुलगा एकदम शहाणा झालाय बाई. बनियनसुद्धा मला धुवू देत नाही."

मग एके दुपारी शाळेतून फोन आला. मैदानावर पळताना भिंगऱ्या कोसळला होता. मास्तर टेप गळ्यात तशीच ठेवून धावले. शाळेजवळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला निजवलं होतं, शुद्ध आली होती आणि तो दोन्ही हातांनी सदरा गच्च धरून पडला होता.

"श्वास का अडकतोय ते मला बघायलाच हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळा, हात काढ."

"नको," तो म्हणाला. मग वडील दिसले तेव्हा आणखी हळू म्हणाला, "बाबांना बाहेर पाठवा."

मास्तरांनी ते ऐकलं. पण पाय हलेनात. बाईंनी पडदा ओढायच्या आत सदरा वर झाला होता. इलॅस्टिक मास्तरांनी लगेच ओळखलं, त्यांच्याच गठ्ठ्यातलं होतं. हूक नीट बसवले होते, वर दुहेरी टीप होती, तीही कुठे वाकडी नाही. ती टीप त्यांनीच त्याला शिकवली होती, सुट्टीत, मशीनवर शेजारी बसवून. बाईंनी पट्टा कापला तेव्हा कडेला चिकटलेली कातडी त्याबरोबर थोडी निघाली. काखेखाली लाल चट्टे होते आणि एके ठिकाणी पू झाला होता.

पडद्याच्या अलीकडे उभं राहून मास्तरांनी पुढचं सगळं ऐकलं.

"हे कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"घरी कुणाला सांगितलंस?"

"मी बाई होणार आहे का?" भिंगऱ्यानं विचारलं. आवाज इतका बारीक होता की मास्तरांना आधी वाटलं दुसरंच कुणी बोललं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही. वयात येताना शरीरात उलथापालथ होते, त्यात कित्येक मुलांना असं होतं. तुझ्या वर्गातही आणखी असतील, तेही तुझ्यासारखेच लपवत असतील. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. आपण रक्त तपासून घेऊ. आणि नाही ओसरलं, तर त्यालाही उपाय आहेत. पण तू उपाशी राहिलास, छाती आवळलीस, ऊन होतं, म्हणून पडलास. आवळायचं बंद. जखमा आधी भरू देत."

बाहेर येऊन त्यांनी मास्तरांना सांगितलं की शाळेतल्या समुपदेशकांशी मुलाचं बोलणं व्हायला हवं. "तो म्हणाला, कधीकधी सकाळ होऊच नये असं वाटतं. हे हलक्यात घेऊ नका."

घरी आई मलम लावायला बसली तर भिंगऱ्यानं तिच्याकडे पाठ केली. तिनं पाठीकडूनच हात घालून लावलं. मग स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. "परक्यांच्या चादरींवरचे डाग मी लांबून ओळखते," ती म्हणाली. "आणि हा आपले डाग धूत होता, तर मी गावभर कौतुक सांगत फिरले."

"तुला कसं कळणार?" मास्तर म्हणाले. "मलाही नाही कळलं."

"तुम्हाला कळलं होतं, बाबा," ताई म्हणाली. ती दारात उभी होती. "आईला माहीत नाही. तुम्ही तिला सांगा, माप घेताना काय बोललात ते."

मास्तरांनी सांगितलं. दुकानात एका दमात निघालेलं ते वाक्य बायकोसमोर पुरं करायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ताई म्हणाली, "मीही तिथेच होते. त्याला बाहेर घेऊन जाता आलं असतं मला. मी खाली मान घालून लिहीत बसले." आणि मग तीही रडायला लागली.

त्या संध्याकाळी मास्तर मुलाच्या खोलीत गेले. पलंगाच्या कडेला बसले. बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या माणसाला सुरुवात सुचेना.

"माझं चुकलं," शेवटी ते म्हणाले. "मी तसं बोलायला नको होतं."

"मीपण हसलो होतो," भिंगऱ्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"तू कशासाठी हसलास ते मला तेव्हाच कळायला हवं होतं."

त्यानं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाला, "एजंटकाका आता भेटले की विचारतात, पाटी बदलली का."

मास्तरांना वाटलं होतं, चेष्टा दुकानातच विरली. ती रस्त्यावर रोज त्याची वाट बघत उभी होती.

विमा एजंट चारच दिवसांनी पँट घ्यायला आला. दुकानात गिऱ्हाइकं होती. "काय मास्तर, चिरंजीव कुठे?" तो डोळे मिचकावत म्हणाला. "पाटी अजून तीच दिसतेय."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "ते बोललो होतो मी. मुलाला लागलं ते. आजारी पडला तो त्यापायी. बापानं बोलू नये ते मी बोललो, आणि तुम्ही ते पुढे चालवलंत. आता हा विषय इथे नको, आणि रस्त्यातही नको."

एजंट पँट चाचपत उगाच शिलाई बघायला लागला. "अहो, मी आपलं गमतीनं," तो म्हणाला.

"मीही गमतीनंच."

एजंट पुन्हा शिलाईला आला नाही. मास्तरांची बडबडही कमी झाली. काहींना ती आवडायची, ते आता दुसरीकडे जायला लागले. मास्तरांना त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोला. वाक्य जिभेवर यायचं आणि समोरच्याचा चेहरा बघून ते गिळून टाकायचे. कधीकधी नाही गिळता यायचं. मग दिवसभर चुटपुट.

भिंगऱ्या समुपदेशकांकडे जायला लागला. पहिल्या भेटीत एक शब्द बोलला नाही, दुसऱ्या भेटीत क्लोरीनवर बोलला. तिसऱ्या भेटीला त्यांनी घरच्यांनाही बोलावलं. एका खोलीत चौघं गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि कुणाला कुणाकडे बघवेना. आईनं मुलाला सरळ विचारलं, "तुला मरावंसं वाटत होतं का रे?" तो म्हणाला, "मरावंसं नाही. दिसू नये असं वाटायचं कुणाला." आईनं त्याचा हात हातात घेतला आणि बाहेर पडेपर्यंत सोडला नाही. त्यानंही सोडवून घेतला नाही, एरवी घेतला असता.

एकदम काही बदललं नाही. तो जेवायला लागला, पण सदरा सैलच मागायचा. मास्तर न विचारता अंदाजानं सैल शिवायचे. ताई त्याला पहाटे चालायला घेऊन जायची, तेव्हा रस्त्यावर कुणी नसायचं. एकदा मध्येच त्यानं पुन्हा छातीला पंचा आवळला, वर्गात कुणीतरी काही बोललं होतं म्हणून. पण या वेळी संध्याकाळी त्यानं तो आपणहून आईसमोर सोडला आणि म्हणाला, "आज बांधला होता." आईनं जखमा तपासल्या, मलम लावलं, आणि दोघांनी पत्ते मांडले.

वार्षिक परीक्षा झाल्यावर मास्तर त्याला तपासणीसाठी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. रक्ताचे अहवाल चांगले आले होते. गाठी थोड्या कमी झाल्या होत्या, पुरत्या गेल्या नव्हत्या. बाई हात धुवून आल्या आणि म्हणाल्या, "सदरा काढ, बघते."

मास्तर उठले आणि दाराकडे निघाले.

"थांबलात तरी चालेल," भिंगऱ्या वरचं बटण काढत म्हणाला.

मास्तर परत खुर्चीवर बसले. कुठे बघावं ते त्यांना कळेना. जमिनीकडे बघितलं तर त्याला वाटेल बापाला लाज वाटते, रोखून बघितलं तर तोच लाजेल. त्यांचे कान तापले होते. शेवटी त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तोही लाल झाला होता, पण बटणं काढत होता.