कौल देणारा कोंबडा आणि कुंदाचा खुळखुळा

पनवेलच्या वडाळे तळ्याच्या काठी, पिंपळाखाली एवढी गर्दी मतदानालासुद्धा झाली नव्हती. आणि ती कुणासाठी? तर एका कोंबड्यासाठी.

कोंबडा साधासुधा नव्हे. लाल गादीवर उभा, गळ्यात झेंडूचा हार, आणि कोंबड्याला कपाळ जिथे असायला हवं तिथे शेंदराचा टिळा. नाव कुक्कुटमहाराज. शेजारी चिमटा घेऊन बसलेले बाबा त्यांचे नुसते सेवक. असं बाबा स्वतःच सांगत.

"विचारा, काय हवं ते विचारा! महाराज फिरले तर होकार, उभे राहिले तर नकार! माणूस खोटं बोलेल. कोंबडा खोटं बोललेला कुणी ऐकलाय?"

कुणीच ऐकला नव्हता.

"माजी म्हस गेली, ती उलव्याच्या अंगाला हाय का?" सुकापूरच्या तुळशीरामने हात जोडून विचारलं.

बाबांच्या चिमट्याची कडी छणकन वाजली. महाराजांनी मान ताठ केली, पंख फुलवले आणि गादीवर झक्कपैकी एक गिरकी घेतली. बाबांनी लगेच त्यांच्यापुढे चार तांदूळ टाकले.

"पण खाडी वलांडून म्हस गेली कशी?" मागून कुणी तरी म्हणालं.

"पवत गेली असंल!" तुळशीराम डाफरला. "म्हाराज फिरले, तू कोन इचारनार?"

गर्दीत वेणू उभी होती. कडेवर लेक कुंदा, शेजारी सासूबाई, गोदूबाई. वेणूचं लक्ष मात्र कोंबड्यापेक्षा जवळ पेटलेल्या शेगडीकडे होतं. तिच्यात एक लोखंडी सळई खुपसलेली होती.

कुंदाला दीड वर्ष होऊन गेलं तरी ती चालत नव्हती. डॉक्टरांनी तिचे पाय नीट तपासून सांगितलं होतं, "पाय उत्तम आहेत. काही मुलं जरा उशिरा चालतात. हिला जमिनीवर तर सोडा!" पण सोडणार कोण? गोदूबाईंच्या घरात पहिली नात, आणि तिच्या पायांना फरशी म्हणून ठाऊक नव्हती. फरशी गार, अंगणात खडे, ओटीवर दृष्ट. पोर या कडेवरून त्या कडेवर. पडेल, लागेल या धास्तीने वेणूही तिला खाली ठेवत नसे.

गोदूबाई पुढे झाल्या. "महाराज, पोरीच्या पायांवर कुणाची करणी आहे का?"

छण्. गिरकी. तांदूळ.

"तळव्यांना डाग द्यायचा का?"

छण्. गिरकी. तांदूळ.

"अमावास्येला आणा माय," बाबा डोळे मिटून म्हणाले. "दोन तळवे, दोन डाग, की पोर हरणासारखी पळेल!"

सळई टेकवल्यावर कोण पळणार नाही, असं वेणूच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात कंटाळलेल्या कुंदाने हातातला पत्र्याचा खुळखुळा जोरात हलवला.

महाराजांनी गिरकी घेतली.

कुणी काही विचारलंच नव्हतं! बाबा क्षणभर गडबडले. "बघा, बघा! महाराजांनी दोनदा होकार दिला!" लोकांनी हात जोडले. वेणूने मात्र पाहिलं, की कोंबडा आता तांदळाची वाट पाहत बाबांच्या मुठीकडे टक लावून उभा आहे.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. दिनानाथ वर्तमानपत्राआडून म्हणाला, "आईला दुखवू नकोस गं. एवढासा चटका."

"मग आधी तुमच्या तळव्याला देऊन बघू या?"

वर्तमानपत्र आणखी वर गेलं.

वेणू तडक शेजारच्या आसियाकडे गेली. आसियाच्या परसात कोंबड्या होत्या. त्यांतली तपकिरी सुलताना सगळ्यांत खादाड. वेणूने कण्या घेतल्या, खुळखुळा घेतला आणि बसली. खुळखुळा वाजल्यावर सुलताना जराशी वळली, की लगेच कणी. मग थोडी जास्त वळली तरच कणी. पुढे पूर्ण फिरली तरच. आणि खुळखुळा वाजल्याशिवाय कितीही फिरली तरी काही नाही.

"या अल्ला! मुर्गीला बीए करतेस काय गो?" आसिया पदर तोंडावर धरून हसली.

"मी जे कॉलेजात शिकले तेच हिला शिकवतेय. मेंदूतल्या पेशी एकमेकींना इशारे देतात, आसियाभाभी. एखादी हालचाल केली आणि खाऊ मिळाला, की ज्या वाटेने इशारा गेला ती वाट पक्की होते. पुढे तर खाऊच्या आधीच, नुसत्या आवाजाने जीव हरखतो. बघा, दाणा टिपताना नाही एवढी ही खुळखुळा ऐकून फुलते."

"पगाराच्या दिवशी सायकलची घंटी ऐकून मी अशीच फुलते, असं माझे मिया म्हणतात," आसिया म्हणाली.

अमावास्येच्या सकाळी तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. सळई लालभडक झाली होती. गोदूबाईंनी कुंदाला मांडीवर घेतलं, पण सळई दिसताच तिचे पाय पदराखाली झाकले. वेणूने कुंदाच्या हातातला खुळखुळा घेतला. ती पुढे झाली.

"थांबा. मला महाराजांना काही विचारायचंय."

"विचार, बाळ!" बाबा खूष झाले.

"महाराज, डाग बाबांच्या तळव्यांना द्यायचा का?"

बाबांनी चिमटा घट्ट मुठीत आवळला. वेणूने खुळखुळा हलवला. महाराजांनी सुरेख गिरकी घेतली.

गर्दीत खसखस पिकली.

"महाराज, बाबा लबाड आहेत का?"

गिरकी.

"ही बाई चेटकीण आहे!" बाबा किंचाळले.

वेणूने खुळखुळा वाजवला. महाराज फिरले.

"बघा, कबूल केलं महाराजांनी!" बाबांनी टाळी वाजवली.

"आणि माझ्या सासूबाई कोंबडी आहेत का?"

महाराजांनी तेही मोठ्या आनंदाने कबूल केलं. गोदूबाईंनी आ वासला.

पण माणसांची गंमत बघा! गर्दीतली हौसाबाई एकदम पुढे धावली आणि कुंदाच्या पायांवर डोकं ठेवून ओरडली, "पोरीच्या खुळखुल्यात देवी हाय! आमी आंधले, आमाला कललाच नाय!" तिच्या मागे रांग लागली. कुणी नारळ फोडायला काढला. वेणूने कपाळाला हात लावला. एका कोंबड्यापासून सुटका करावी, तर ही मंडळी पत्र्याच्या खुळखुळ्याला चिकटली!

"दादू, इकडे ये," तिने शहाळीवाल्याला हाक मारली. "घे, तू वाजव."

"मी? अवो वयनी, मी तर सकालीच ताडी घेतलीय."

"फारच छान. वाजव."

दादूने डुलत खुळखुळा वाजवला. महाराज फिरले. मग टोपली घेऊन आलेल्या आसियाने सुलतानाला खाली सोडलं. खुळखुळा वाजला आणि सुलतानानेही घेतली गिरकी. दोन देव एका गादीभोवती फिरू लागले. महाराजांची नजर सुलतानावर पडली आणि त्यांनी कौल, नैवेद्य, भक्तगण सगळं सोडून दिलं. हार तुडवत ते तिच्या मागे आसियाच्या घराच्या दिशेने धावले.

"माजी म्हस?" तुळशीरामला तेवढ्यात आठवलं. तो बाबांकडे वळला. बाबा गर्दीच्या कडेने धोतर सावरत स्टँडकडे निघाले होते. डाग न घेताही माणूस हरणासारखा पळू शकतो, हे पनवेलकरांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

शेगडीवर वेणूने तळ्याचं पाणी ओतलं. सळई चरचरली. गोदूबाई कुंदाला छातीशी धरून बसल्या होत्या. "हे मी हिच्या पायाला लावणार होते," एवढंच त्या म्हणाल्या.

कोंबड्याला दाण्याने गिरकी शिकवता येते, हात चलाख असला की बाबाही होता येतं. यात देव नाही आणि करणीही नाही. असते ती सवय, आणि आपण न विचारलेला प्रश्न. होकारालाच दाणा का, नकाराला का नाही, एवढं विचारलं असतं तरी सळई तापली नसती. पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी जरा त्याच्या मुठीकडे बघा.

कुंदा आता जमिनीवर असते. पडते, भोकाड पसरते, उठते. वेणूचा जीव अजून वरखाली होतो, पण ती हात मागे बांधून उभी राहते. समोर गोदूबाई फतकल मारून बसतात, मुठीत चुरमुरे घेतात आणि खुळखुळा हलवतात, "ये गं माझी बाय, ये!" कुंदा डुगडुगत एक पाऊल टाकते, मग दुसरं, आणि आजीच्या मुठीवर झडप घालते.

आणि कुंपणापलीकडे, आसियाच्या परसात, कुक्कुटमहाराज दर वेळी एक गिरकी घेतात आणि तांदळाची वाट बघत उभे राहतात.