दोघी जावा, एक वॉर्ड

दोघी जावा एकाच वॉर्डात नर्स होत्या. थोरली लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेली, बायबल तोंडपाठ. धाकटीचा बाप्तिस्मा लग्नाच्या आदल्या वर्षीचा, म्हणजे तशी कालचीच. पण ऑपरेशनला जाताना पेशंट विचारायचे, त्या दुसऱ्या सिस्टर आल्यात का? धाकटी पलंगाशी वाकायची, हात धरून दोन साधी वाक्यं बोलायची आणि माणूस निवांत व्हायचा. सलाइनची बाटली बदलता बदलता थोरली ते बघायची आणि तिच्या पोटात दुखायचं. मी करू का प्रार्थना, असं तीही विचारून बघायची. राहू द्या सिस्टर, तुम्हाला कामं असतील, म्हणायचे लोक. घरी सासूबाईंच्या तोंडीही उठता बसता धाकटीचंच कौतुक.

एकदा वॉर्डात पेशंटना औषधं उशिरा मिळाली. चूक औषधं पाठवणाऱ्यांची होती आणि थोरलीला ते ठाऊक होतं. तरी मेट्रनबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, की धाकटी प्रार्थनेत रमते, मग तिला वेळेचं भान राहत नाही.

धाकटीची बदली अवजारं उकळायच्या खोलीत झाली. तिथे पेशंट नाही, नुसती वाफ. तिनं घरी चकार शब्द काढला नाही. थोरलीला तेच जास्त झोंबलं. कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढे सासूबाईंना पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी त्याच वॉर्डात आणलं. आत न्यायची वेळ झाली तशी थोरली म्हणाली, की धाकटीला बोलावते. सासूबाईंनी तिचा हात सोडला नाही.

"तूच कर प्रार्थना. ती गोड बोलते, पण धीर मला तुझ्यामुळे येतो."

हेच ऐकायला थोरलीचे कान इतकी वर्षं आसुसले होते. तिनं डोळे मिटले, 'प्रभू' म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना.

"आई, मी तिच्याबद्दल खोटं बोलले. तिला तिकडे मीच धाडलं."

सासूबाईंनी तिचा हात सोडला. मग म्हणाल्या, "आधी ते निस्तर. मी काही इतक्यात मरत नाही."

थोरलीनं मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. वॉर्डाची मुख्य म्हणून तिचं नाव जवळजवळ ठरलं होतं, ते तिथल्या तिथे गेलं. तशीच ती वाफेच्या खोलीत गेली. धाकटी कात्र्या फडक्यात गुंडाळत होती. ऐकताना तिचे हात थांबले.

"मला माहीत होतं, ताई. रोज तुम्हाला माफ करायला बसते. अजून जमलेलं नाही."

सासूबाईंना आत नेलं का, असं धाकटीनंच विचारलं आणि ती हात पुसत बाहेर पडली. थोरली मागोमाग गेली.

सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. धाकटी वॉर्डात परतली. थोरलीनं स्वतःहून वाफेच्या खोलीत बदली मागून घेतली. पेशंट अजूनही धाकटीलाच बोलावतात, हे कानावर आलं की थोरलीच्या पोटात अजून दुखतं. पण आता ती ते देवाला तसंच्या तसं सांगते, जरासुद्धा साखर न लावता.