रानभाजीचं खापर

किर्तीने फॉर्म पुरता भरला होता, फक्त पाठवला नव्हता. औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा नुसता संशय आला तरी कळवा, पुरावा लागत नाही, कोणावर ठपका येत नाही, असं त्यावर छापलेलं होतं. छापणाऱ्याचं काय जातं! त्याला थोडंच अंबरनाथच्या ट्रस्टच्या दवाखान्यात अकरा महिन्यांच्या करारावर औषधं वाटायची होती?

झालं होतं असं. बारवीकडच्या पाड्यावरची बनूबाई भाताची लावणी उरकून, कंबर धरून आली. डॉक्टर श्यामकांतांनी डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी लिहिली, किर्तीने खिडकीतून दिली. शिरस्त्याप्रमाणे पट्टी कापली, गोळ्या कागदी पाकिटात घातल्या, वर सकाळ-संध्याकाळच्या दोन रेघा ओढल्या. औषधाचं नाव कोण लिहितं, आणि वाचणार कोण? दुसऱ्या दिवशी बनूबाई सुजलेले ओठ आणि अंगभर उठलेल्या गांधी घेऊन परत आली.

फॉर्म किर्तीला स्वतःला पाठवता आला असता. पण या दवाखान्यात श्यामकांत सरांना विचारल्याशिवाय कागद हलत नसे.

"किर्ती मॅडम, ही लोकं पावसाळ्यात काय काय उपटून खातात. खाल्ली असेल कसलीतरी भाजी," सर म्हणाले. केसपेपरवर त्यांनी तेच लिहिलं, रानभाजीची ॲलर्जी. मग हसून विचारलं, "तुमचं रिन्यूअल माझ्याकडेच आहे ना या महिन्यात?"

झालं. टाकळा-कुर्डूवर वाढलेल्या बाईची रानभाजी सुटली आणि फॉर्म किर्तीच्या खणात गेला. तिच्या नवऱ्याची, कल्पेशची, कंपनी बंद पडून चार महिने झाले होते, चिखलोलीचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. तिला स्वतःची लाज वाटे, आणि लाज वाटली की ती औषधांचं कपाट आवरायला घेई. त्या महिन्यात कपाट फारच नीटनेटकं होतं.

तीन आठवड्यांनी बनूबाई नवऱ्याला, रघूला, घेऊन पुन्हा खिडकीशी उभी राहिली. कंबरच. केसपेपरवर पुन्हा तीच गोळी.

समोर सरांच्या केबिनचं दार सताड उघडं होतं. ही गोळी तुला चालत नाही म्हणावं, तर सर ऐकणार. द्यावी, तर बाई मरायची. मागून रांग ढकलत होती.

"मावशी, ही गोळी संपलीय," ती म्हणाली.

साप मेला आणि काठीही शाबूत राहिली, असं तिला वाटलं. तिला हायसं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर स्वतःच्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं. दवाखान्यात संपलेलं औषध माणसं रस्ता ओलांडून घेतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बारा वर्षं खिडकीत बसलेल्या बाईला तेवढं सुचलं नाही.

अर्ध्या तासाने बनूबाई रांग मोडून पुढे आली. चेहरा लालबुंद, पण हसरा.

"ताय, समोरच्या मेडिकलात गावली गोली. एक खाल्ली बी. पन घसा आवललाय गं मघापासनं."

किर्ती दार ढकलून बाहेर धावली. तिने आणि रघूने मिळून बनूबाईला कॅज्युअल्टीत नेलं. ड्यूटीवर डॉक्टर राजसी होती. तिने केसपेपर पाहिला. "रानभाजी? आज काय खाल्लं होतं यांनी?"

"भाजी नाही," किर्ती ओरडलीच. "डायक्लोफेनॅक. मागच्या वेळीही तीच होती. मीच दिली होती."

आवाज ऐकून सर दारात येऊन उभे राहिले होते. राजसीने इंजेक्शन टोचलं, ऑक्सिजन लावायला सांगितला आणि मान वर केली.

"तुम्हाला माहीत होतं? मग आज थांबवलं का नाही?"

बनूबाईने धापा टाकत किर्तीचा हात घट्ट धरला.

"तिला नको बोलू, डाक्टरीन बाय. तिनं नाय दिली. तिच्याकडची गोली तं संपलेली."