तो गोठा आमचा नव्हता

थोरलीच्या गोठ्यात गाई होत्या, धाकटीच्या रानात सोयाबीन. एकीचं दूध डेअरीत जायचं, दुसरीचं सोयाबीन सोयादूध करणाऱ्या कारखान्यात. या दोघी सख्ख्या जावांना एका टीव्ही वाहिनीने ‘गाईचं दूध की सोयादूध’ या चर्चेला बोलावलं, तेव्हाच धाकटी म्हणाली, “ताई, हे आपली झुंज लावणार.”

“लावू देत. आपण खरं ते सांगून येऊ.”

स्टुडिओत त्यांना समोरासमोर बसवलं. निवेदक दोघींना आलटून पालटून डिवचत राहिला. शेवटी थोरली म्हणाली, “अहो, हिच्या सोयाबीनचा कारखान्यात उरलेला चोथा माझ्या गाई खातात. माझ्या गोठ्यातलं शेणखत हिच्या रानात पडतं. आम्ही भांडायचं कशावरून?”

कार्यक्रम लागला, तर हे वाक्यच गायब. थोरलीच्या नावाखाली भलताच गोठा दाखवला होता, चिखलाने भरलेला, हाडं वर आलेल्या गाईंचा. धाकटी फक्त खोकताना दिसली.

सकाळी दुधाचा टँकरवाला चाचरत म्हणाला, “काकू, टीव्हीवर पाहिलं. बरं चाललंय ना?” रोज पहाटे गोठा धुऊन काढणाऱ्या थोरलीला ते फार लागलं. तिने बादली खाली ठेवली आणि धाकटीला हाक मारली. “डबा भर. आपल्याला जायचंय.”

वाहिनीच्या कार्यालयात संपादकाने हात झटकले. “तशी दृश्यं आमच्याकडे साठवलेली असतात, बाई. आणि भांडण नसलं की लोक वाहिनी बदलतात.”

“मग दाखवा भांडण,” थोरली म्हणाली. “आम्ही दोघी एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या. चूक सुधारल्याशिवाय इथून हलायचं नाही.”

दोघींनी बाहेरच्या सोफ्यावर डबा उघडला. येणारा-जाणारा विचारायचा, त्या सगळं सांगायच्या. दुपार कलली. थोरलीने नवऱ्याला फोन लावला, “आजच्या धारा तुमच्याकडे. लंगडीला आधी चारा टाका, नाहीतर ती लाथ मारते.”

संध्याकाळच्या बातम्यांत एक ओळ वाचली गेली: दाखवलेला गोठा त्यांचा नव्हता.

“आणि माझं वाक्य?” थोरलीने विचारलं.

“त्याला वेळ नाही हो.”

“हरकत नाही. उद्या धारा आटोपून येतो.”

संपादकाने डोकं धरलं. दुसऱ्या दिवशी त्या खरंच दारात उभ्या दिसल्या, तेव्हा त्याने ते वाक्य काटछाट न करता दाखवायला लावलं.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वाहिनीचा फोन आला. या वेळी तो धाकटीने घेतला.

“येतो की,” ती म्हणाली. “पण कार्यक्रम थेट दाखवणार असाल तरच. आणि आम्ही दोघी एकाच बाजूला बसू.”