जाळं न टाकता धरलेली मासोळी

सरका मायबापहो, असे जवळ या, पोरांना मांडीवर घ्या. अभंग लावण्याआधी एक गोष्ट ऐकायची आहे. ऐकताना मळमळलं तर बोल लावू नका. गोष्टच तशी आहे.

सिहोऱ्याकडचं गाव, अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा. गावात हरिनामाचा सप्ताह बसलेला. सप्ताहात तलावात कुणी जाळं टाकायचं नाही, हा गावाचा नेम. माळकरी तेवढे मासोळी खात नसत, पण जाळ्याचा नेम साऱ्यांचा. तलावाची मासेमारी चिंधू ढिवराकडे. पोट त्यावरच, तरी त्यानं आपली जाळी गुंडाळून ठेवली होती.

अशात एका सकाळी सप्ताहाचे पुढारी, माळकरी मारोतराव यांच्या अंगणात मासोळीची भरली टोपली आली. त्यांची बायको ताराबाई अंगण सारवत होती. टोपली आणणाऱ्या दिराला, भैय्याजीला, तिनं विचारलं, "सप्त्यात मासोळी कुठची जी, भाऊजी?"

"पाण्यावर आली आपसूक," भैय्याजी हसला. "जाळं टाकलं का कोणी? नाही ना? मंग नेम कायचा मोडला? तुमसरच्या बाजारात नेतो."

तेवढ्यात चिंधूची म्हातारी आई सीताबाई ताक मागायला दारात आली. टोपलीवर तिची नजर खिळलेली पाहून ताराबाईला कीव आली. "अवो, देऊ का इले चार?"

मारोतराव ओसरीवर माळ जपत होते. मणी थांबला, पुन्हा सरकला. "दे. पुण्य लागंल."

संध्याकाळी म्हातारीच्या तोंडाला फेस आला. दिवस उजाडायच्या आत ती गेली.

भैय्याजीनं टोपली बाजारात नेली नाही, शेणखताच्या खड्ड्यात पुरली. ताराबाई शेण टाकायला गेली तर नाकात वास शिरला, सडक्या मासोळीचा, अन् त्याखाली धानाच्या किडीवर मारायच्या दवाईचा. रिकामी शिशी तिथंच पडलेली. सारं तिच्या ध्यानात आलं. तरी ती गप्प राहिली, घरचं घरात म्हणून.

काल्याच्या दिवशी मंडपात बैठक भरली. भैय्याजी उठला. "चिंध्यानंच तलावात दवाई टाकली. नेम मोडला, माय मारली. तलाव काढून घ्या त्याच्यापासून!"

आईसाठी डोकं भादरलेला चिंधू मंडपाच्या कडेला बसला होता.

बायकांच्या बाजूनं ताराबाई उभी राहिली. "टोपली आमच्या अंगणात होती. शिशी आमच्या खड्ड्यात हाय."

"तू घरी चाल," मारोतराव गुरगुरले.

भैय्याजीचा चेहरा उतरला. "मी नुसती ओतली. शिशी दादानं देल्ली."

"मी धानाच्या किडीसाठी देल्ली होती! अन् म्हातारीच्या पदरात मासोळी कोणं टाकली? इनंच ना?"

पंगतीत नकोसा पदार्थ वाढावा तसं पाप फिरत होतं. जो तो पानावर हात आडवा धरून शेजाऱ्याकडे बोट दाखवत होता. अन् सगळ्यांच्या कपाळी बुक्का!

"हो, म्याच टाकली," ती म्हणाली. "अन् समजल्यावर मुकी बसली. माझं मी घेतो. पण देताना मले ठाऊक नव्हतं. शिशी तुमची, तुमाले ठाऊक होतं, अन् तुमी माळ ओढत 'दे' म्हटलं. तुमचं तुमी घ्या."

मग गावातले म्हातारे पंच गोमाजी खाकरले, "चिंधूकडंच राहू द्या तलाव. बाकी झालं गेलं. काला आटपा, ऊन चढून राहिलं."

लोकांना हायसं वाटलं! हंडी फुटली. मारोतराव त्याच हातानं काला वाटू लागले अन् लोक ओंजळी पुढं करू लागले.

ताराबाईनं ओंजळ केली नाही. ती चिंधूसमोर जाऊन बसली.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "माफ कर म्हनाल तर... आज नाही होत माह्याच्यानं."

"नोको करू," ती म्हणाली, अन् बसून राहिली.

मायबापहो, बाकीची नावं विसरलात तरी चालेल. सीताबाईला तेवढं आठवा. चार मासोळ्या पदरात बांधून, "तुही लेकरं सुखी राहोत, बाई," म्हणत ती घरी गेली होती.