परत आलेल्या पत्रिका

लीलाधर गुरुजींना उभ्या जन्मात कुणी एकही चूक दाखवली नव्हती, पण आपली चूक होणार ही भीती त्यांनी कधी सोडली नाही. निवृत्तीनंतर ते आठवड्यातून दोनदा जळगावहून बसने असोद्याला येत आणि चौथीच्या मुलांना शुद्धलेखन शिकवत. पिशवीत शब्दकोश असे. फळ्यावर शब्द लिहिला, की मुलांकडे पाठ ठेवूनच ते हळूच कोश उघडून खात्री करून घेत. मुलांना वाटे, गुरुजी डबा तपासतात.

त्या सोमवारसाठी त्यांनी सांगितलं होतं, "घरून एक छापील कागद आणा. त्यातल्या चुका आपण लाल पेनाने शोधू."

लग्नसराईचे दिवस. अकरा मुलं आली आणि अकराही जणांनी एकच कागद आणला: उखर्डूनानांच्या ललितच्या लग्नाची पत्रिका. तिच्यात भाऊबंदांची एकशे त्रेचाळीस नावं होती आणि स्वल्पविराम एकही नव्हता. मुलं तुटून पडली. तासाभरात पत्रिका गोवर आल्यासारख्या लाल झाल्या. किरणने तर खाली गुरुजींच्याच थाटात शेरा मारला: 'प्रयत्न चांगला. स्वल्पविराम विसरलास. दहापैकी चार.'

गुरुजी इतके खूश झाले, की जाताना सवयीने बोलून गेले, "ज्याची वही त्याला परत द्या. चुकलेले शब्द त्याने दहा वेळा लिहायचे."

गुरुवारी ते बसमधून उतरले, तर थांब्यावर उखर्डूनाना उभे. हातात पिशवी, पिशवीत अकरा पत्रिका.

"गुरुजी, मले एक सांगा. अकरा घरांनी पोरांच्या हातानं पत्रिका परत केल्या. माह्या पोराच्या लग्नाले कोनी यायचंच नाही का?"

गुरुजींनी वरची पत्रिका उचलली, तर ती त्यांच्याच वर्गातल्या लाल शाईने भरलेली. कुंकू लावून दिलेली पत्रिका परत करणं म्हणजे 'तुमचं-आमचं संपलं' असं सांगणं, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? आणि इथे ती अंगणात टाकून पोरं वर सांगून आली होती, "नाना, दहा वेळा लिहा."

"नाना, ते... मुलांनी... म्हणजे मीच..." गुरुजींनी सगळं कसंबसं सांगितलं.

"दहा घरांचं जाऊ द्या, ते हसतीन," नाना म्हणाले. "पन ही अकरावी माह्या थोरल्या भावाच्या, पितांबरच्या घरची! नऊ वर्षांमागे पोरीच्या पत्रिकेत त्याचं नाव राहून गेलं, तवापासून बोलनं बंद. ह्या टायमाले पहिलं नाव त्याचं टाकलं. तरी परत! आता मी काही त्याच्या दारी जानार नाही."

मागून नानांच्या बायकोचा, झुंबरबाईंचा आवाज आला. त्या नानांना शोधत आल्या होत्या. "जायचं नाही तं काय करायचं? मांडवात थोरला भाऊ नसला, तं पाहुने काय म्हनतीन? कुंकू-अक्षता घ्या अन् हातानं द्या. गुरुजी, तुमीबी चाला. तुमच्याच शाळेचा हा उद्योग!"

वाटेत गुरुजींनी माफीचं वाक्य मनात सात वेळा जुळवलं आणि आठव्यांदा मोडलं. आपल्यामुळे दोन घरं कायमची तुटली, तर चौथीच्या वर्गात कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

पितांबरआबा ओट्यावर बसले होते. नाना पायरीशी थबकले. शेवटी गुरुजी पुढे झाले आणि जुळवलेलं वाक्य विसरून म्हणाले, "आबा, पत्रिका परत गेली, ती माझी चूक."

"कोनती पत्रिका?" आबा म्हणाले. "मले कुठी मिळाली? मी आठ दिवसापासून वाट पाहू राह्यलो. म्हटलं, ह्याही बारीले आपलं नाव गायब!"

दाराआडून त्यांची नात किरण बाहेर आली. "आबा, ललितकाकाने रस्त्यातच माह्याजवळ दिली. मी दप्तरात ठेवली. गुरुजींनी कागद आना म्हटलं ना!"

नानांनी कपाळावर हात मारला. "मी त्याले घरी जाय म्हटलं होतं! भाऊबंदाची पत्रिका पोरीच्या हाती?"

"तशी आली असती, तं मीच परत केली असती," आबा म्हणाले. मग नानांच्या हातातल्या कुंकवाकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "नऊ वर्षांनी पायरीशी आला रे तू. ये, वर बस. किरण, चहा सांग."

त्यांनी चष्मा लावून पत्रिका न्याहाळली. "चार मार्क? उखर्डू, शाळेतबी तुले इतकेच पडायचे."

लग्नात पितांबरआबा फेटा बांधून मांडवाच्या तोंडाशी उभे होते. गुरुजी पंगतीत सर्वांत कडेला, वरण-बट्टीवर तूप घेऊन बसले होते. तेवढ्यात मुंडावळ्या सावरत ललित आला आणि चार घड्यांचा कागद त्याने पुढे केला.

"गुरुजी, आबांनी सांगितलं, आधी हे, मग आशीर्वाद. चुकलेले शब्द दहा-दहा वेळा लिहिलेत."

गुरुजींनी कागद उलगडला. चौथ्या ओळीवर नजर अडली. शब्दकोश घरी होता. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, तुपाचा हात धोतराला पुसला आणि दहापैकी दहा दिले.

शेजारून किरण डोकावली. "गुरुजी, चौथ्या ओळीत..."

"बट्टी गार होतेय, बाळा," गुरुजी म्हणाले.